टोपलीत मोबाइल जमा करून काय होणार?

मा. संपादक,
सप्रेम सलाम.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका ज्येष्ठ ख्रिस्ती बंधूंचे पत्र वाचले. तरुण मुले चर्चला येत नाहीत, आलीच तर मागच्या बाकावर बसून मोबाइल चाळतात. तेव्हा उपासनेआधी दारात टोपली ठेवावी आणि मुलांचे मोबाइल तिच्यात जमा करावेत, अशी त्यांची सूचना आहे. त्यांची कळकळ खरी आहे, सूचना मात्र मला पटली नाही. का पटली नाही ते जरा सविस्तर लिहिते. पत्र लांबले तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माहेर नेवासे तालुक्यातले. आजी बायबलबाई होती. मिशनच्या वतीने गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. नगरला (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण पडायला वेळ लागतो आहे) राहायला आल्यापासून मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, शब्बाथ शाळा (रविवारचा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग) चालवते. मोठ्यांच्या उपासनेआधी तासभर. पहिलीतल्या पोरांपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळे एकाच पडवीत, एकाच सतरंजीवर. तेव्हा मागच्या बाकावरची मंडळी माझ्या चांगल्या परिचयाची आहेत.

गेल्या नाताळानंतरच्या एका रविवारी त्यातलीच एक मुलगी सबंध प्रवचनभर मान खाली घालून बसली होती. इंजिनिअरिंगला आहे, नाव-गाव लिहीत नाही. बाहेर पडताना मी तिला विचारले, एवढे काय बघत होतीस? तिने मुकाट्याने मोबाइल माझ्या हातात दिला. नाताळच्या दिवशी आईवडिलांबरोबर चर्चच्या पायऱ्यांवर काढलेला फोटो तिने टाकला होता. त्याखाली कुणीतरी ‘राईस बॅग’ असे लिहिले होते, त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत तिच्याच वर्गातले दोघे. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकलेल्यांची अवलाद, असा त्या शिवीचा अर्थ. आमच्या मुलांना इंटरनेटवर ती रोज ऐकावी लागते. प्रवचन त्या दिवशी दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाच्या कामाला देण्यावर, होते.

“टीचर, हे खरं आहे का?” तिने विचारले. चर्चच्या कमिटीतले एक सभासद शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं बेटा, प्रार्थना करायची.” आणि ते चहाकडे गेले.

माझे म्हणणे सारे इथेच आहे. ती मुलगी प्रवचनभर आपल्या विश्वासाचाच विचार करत होती. चर्चमधल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त करत असेल. टोपलीत मोबाइल टाकला असता तर तिचा प्रश्न तिच्याबरोबर घरी गेला असता आणि रात्री पांघरुणाखाली त्याचे उत्तर तिने कुठून शोधले असते ते आपल्याला कळलेही नसते. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आम्ही सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता भरत नाही. वसई किंवा मुंबईचे काही भाग सोडले तर वर्गात ख्रिस्ती मूल बहुतेक वेळा एकटेच असते. त्या एकट्या मुलाला कुणी काही विचारले, हिणवले, तर आठवड्यातला तोच एक तास त्याच्या हाताशी असतो. त्या तासात आपण त्याला काय देतो?

पुढच्या रविवारी मी नेमलेला पाठ बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर हा प्रश्न घेतला. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८३१ साली नगरला आली. पहिली कित्येक वर्षे बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग १८७६ ते ७८चा दुष्काळ पडला आणि शतक संपतासंपता आणखी दोन. मिशनने कामे काढली, धान्य दिले, अनाथ पोरे सांभाळली आणि त्या काळात पुष्कळ लोक मंडळीत आले. बहुतेक महार आणि मांग, ज्यांना गावच्या विहिरीवर घागर टेकवायची मुभा नव्हती. मी मुलांना सरळ सांगितले: होय, काही जण भाकरीसाठी आले. उपाशी माणूस भाकरीकडे जाणार नाही तर कुठे जाईल? येशूनेही रानात जमलेल्या हजारोंना नुसता उपदेश करून रिकाम्या पोटी परत लावले नाही. पाच भाकरी आणि दोन मासे होते, तेवढ्यात सगळ्यांना जेवू घातले. त्या जेवणाची ज्याला लाज वाटते त्याने शुभवर्तमानातला तो भाग पुन्हा वाचावा.

मग मी मुलांना उलट प्रश्न घातला. दुष्काळ सरला, धान्य वाटणे थांबले, तरी ही माणसे माघारी का गेली नाहीत? घरी जा आणि विचारून या.

मुलांनी आणलेली उत्तरे मला शिक्षकी पेशात मिळालेल्या कुठल्याही गृहपाठापेक्षा मोलाची वाटतात. एकीची खापरपणजी मिशनच्या शाळेत शिकून गावातली पहिली वाचता येणारी बाई झाली होती, हे तिच्या आईलाही धड ठाऊक नव्हते. एकाच्या घरी कुणालाच काही माहीत नव्हते. त्या घराने चुलत्याला फोन लावला, चुलत्याने आत्याला, आणि म्हणे रात्री अकरापर्यंत फोन चालू होते. एका मुलाचे आजोबा तर चिडलेच. “तांदूळ? आमच्या भागात तांदूळ कुणी बघितला होता? बाजरी होती. माझा आजा बाजरीसाठी गेला आणि भजनासाठी राहिला. सांग तुझ्या टीचरला.” मुलाने हे जसेच्या तसे, आजोबांच्या आवाजात, करून दाखवले. ती इंजिनिअरिंगची मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पुढे तिने त्या फोटोखाली काय लिहिले ते मी विचारले नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड. दहावीतला एक मुलगा तास संपल्यावर मागे रेंगाळला. म्हणाला, “घरी आम्ही प्रार्थना करतो, नाताळला चांदणी लावतो, माझा बाप्तिस्मापण झालाय. मग माझ्या दाखल्यावर हिंदू का?” शाळेचे जनरल रजिस्टर आयुष्यभर हाताळले आहे, त्यामुळे कोणत्या घरात काय लिहितात आणि का लिहितात हे मला पाठ आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना मिळाल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती झालेला बाहेर. जात मात्र गावाच्या डोळ्यांतून गेली नाही आणि, खरे बोलायचे तर, आमच्या काही मंडळ्यांत लग्न जमवतानाही गेलेली नाही. अशा वेळी बापाने मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कागदावर जुने तेच राहू दिले, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. हे सगळे मी त्या मुलाला सांगितले, लग्नाचेसुद्धा. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत ऐकत होता. “म्हणजे देवाला माहीत आहे, सरकारला नाही,” असे काहीसे पुटपुटला आणि सायकल काढून गेला. त्याचे पुरते समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या रविवारी तो आला.

अशी उत्तरे देण्याने मुलांची श्रद्धा डळमळेल, असे आमच्या वडीलधाऱ्यांना वाटते. मला त्यांना लूकच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण द्यायची आहे. येशूच्या बालपणीची, जन्मकथेनंतरची, एकच गोष्ट शुभवर्तमानांत आहे. बारा वर्षांचा मुलगा आईवडिलांना न सांगता मंदिरात मागे राहिला आणि तीन दिवसांनी सापडला तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना. त्या गुरुजनांनी त्याला “लक्ष द्यायचं नसतं बेटा” म्हटल्याची नोंद नाही.

महाराष्ट्रातली आमची परंपरा तरी कुठे मुकाट मान डोलावणाऱ्यांची आहे? इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारे मराठी काव्य, १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले. ते का रचले, याची हकीकत त्यांनी आरंभीच दिली आहे. रविवारी दुपारी धर्मशिक्षण चालू असताना एका श्रोत्याने विचारले की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? त्या प्रश्नातून हजारो ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला खरा, पण ज्या सिस्टरांच्या आश्रयाला त्या राहिल्या त्यांच्याशी धर्ममतांवरून पत्रापत्री करत त्या वाद घालत राहिल्या. जे बुद्धीला पटत नाही ते केवळ तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही, हा त्यांचा बाणा. आणि कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाठोपाठ गेल्या नाहीत. संसार मोडला, दोघांचे हाल झाले. काही वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी. ही गोष्ट सांगितली की मुली कान टवकारतात. नवऱ्याचा धर्म बायकोने न विचारता घ्यायचा नसतो, हे एकोणिसाव्या शतकातली बाई करून दाखवते, याचे त्यांना फार अप्रूप वाटते.

आता लक्ष विचलित होण्याबद्दल. मोबाइल येण्याच्या पुष्कळ आधी आमच्या घरांतली संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बंद पडली होती. ती टीव्हीवरच्या मालिकांनी बंद पाडली आणि रिमोट तेव्हा मुलांच्या हातात नव्हता. रविवारचीही हीच तऱ्हा. उपासनेत अर्धा तास सूचना, आलेल्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ, त्या पाहुण्यांचे चार शब्द (चार कधीच नसतात), वर्गणीचा हिशेब, मग कमिटीच्या निवडणुकीची धुसफूस. कित्येक गावांत चर्चच्या जमिनीवरून मंडळ्यांचे दोन तट पडून प्रकरण कोर्टात गेले आहे. तिथल्या मुलांना पुढची तारीख कधी आहे हे माहीत असते. एवढे सगळे समोर चालू असताना मागच्या बाकावरचे मूल मोबाइल उघडते, तर त्याला एकट्याला दोष देणे मला अवघड जाते.

मुलांनी गिटार आणि ड्रम आणले म्हणून नाराज होणाऱ्यांतलीही मी नाही. ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकात याच नगर भागात बहरले. टाळ-मृदंग घेऊन येशूचे आख्यान लावायचे, हे त्या वेळी काही जुन्या लोकांना हिंदूंची नक्कल वाटले असणारच. आज तेच आमचे सोवळे झाले आहे. माझी तक्रार नव्या गाण्यांच्या शब्दांबद्दल आहे. सगळी ‘मी’ आणि ‘मला’ने भरलेली; शेजारी नाही, शेत नाही, पाऊस नाही. टिळकांची पदे आमच्या गीतपुस्तकात पानोपानी आहेत आणि त्यांच्यात हा सगळा मुलूख येतो. पण ती गाणार कोण? माझ्या वर्गातली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमाची. देवनागरी वाचताना ती ओढ्यातल्या दगडांवरून चालल्यासारखी एकेका अक्षरावर पाय ठेवत जातात. मराठीत निरोप लिहितात तोही रोमन लिपीत. आमच्या एका ज्येष्ठ भगिनींचा आग्रह असा की आधी मराठी शिका, मग पदे गा. असे म्हटले तर गाणे कायमचे राहील. मी त्यांना रोमनमध्ये लिहून घेऊ देते, चाल पाठ झाली की तेच पद गीतपुस्तकातून वाचायला लावते. शब्द तोंडात बसलेले असले की अक्षर ओळखणे सोपे जाते. पहिलीच्या पोरांना कविता आधी म्हणवून मग वाचायला शिकवतात, त्यातलाच हा प्रकार. रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून बायबलचे भाषांतर केले तेही त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातल्या, नुकती अक्षरे शिकलेल्या बायकांना कळावे अशा साध्या मराठीत. १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी ते काम हातावेगळे केले. ऐकणाऱ्यापर्यंत आपण चालत जायचे, ही त्या पिढीची रीत.

चाल शिकण्याच्या कामी मोबाइलचा आम्हाला चांगला उपयोग झाला. गीतपुस्तकात शब्द आहेत, फार तर रागाचे नाव आहे, चाल नाही. ती म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे. मी मुलांना सांगितले, सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीकडून एक तरी पद भरून आणा. राहुरीच्या एका आजीने तीच ओळ तीन वेगवेगळ्या चालींवर म्हटली आणि तिन्ही बरोबर आहेत असे बजावले. दुसऱ्या एका आजींना मधले कडवे आठवेना, तर त्या नातवावरच खेकसल्या, “तो डबा बंद कर आधी.” तेही आमच्याकडे ध्वनिमुद्रित आहे. माझी आई दळताना येशूच्या ओव्या म्हणायची, त्यातल्या मला सात-आठच येतात. त्या मी मुलांना दिल्या. जाते कसे दिसते हे त्यांना मोबाइलवरच दाखवावे लागले.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघालेले तरुणांचे घोळके आपल्या वाचकांनी श्रीरामपूरच्या रस्त्याने पाहिले असतील. पायी चालतात, सेल्फी काढतात, गाणी म्हणतात, पुन्हा सेल्फी काढतात. मी प्रोटेस्टंट. मरियामातेच्या यात्रेविषयी आमच्यातल्या काहींचे मत काय आहे ते इथे काढत बसत नाही. पण त्या वाटेवर आजी आणि नातू कित्येक तास शेजारी चालत असतात आणि बोलण्याखेरीज दुसरे करण्यासारखे फारसे नसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना देवाच्या गोष्टी कधी सांगायच्या ते दिले आहे: घरी बसले असता, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. चर्चच्या बाकाचा तिथे उल्लेख नाही. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो तेव्हाही त्याला त्याच्या आजीची आणि आईची, लोईस आणि युनीके यांची, नावानिशी आठवण देतो. उपदेशकाचे नाव घेत नाही.

माझ्या वर्गातली किती मुले पुढे चर्चला येत राहतील, मला सांगता येणार नाही. काही पुण्याला नोकरीला लागली आणि कुठल्या मंडळीत जातात की नाही ते कळत नाही. एक मुलगा सरळ सांगतो की त्याचा देवावर विश्वास नाही. तोही येतो, लहान मुलांना तबला शिकवतो. त्याला काढून टाका अशी सूचना कमिटीकडून दोनदा आली आहे. मी ती दोनदा वहीत नोंदवून ठेवली आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राच्या मार्फत एक विनंती. नगर, संभाजीनगर, जालना, सोलापूर या भागांतल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत आजोबा-पणजोबांच्या कीर्तनाच्या, पदांच्या हस्तलिखित वह्या ट्रंकेत पडून आहेत. काही मोडीत आहेत. त्यांना वाळवी लागण्याआधी घरातल्या मुलाला बसवून पानापानाचा फोटो काढून घ्यावा. आणि चाल येणारे कुणी घरात असेल तर ती याच महिन्यात भरून ठेवावी. आमच्या मंडळीत अशी चार माणसे होती, दिवाळीनंतर दोनच राहिली आहेत.

कृपया नाव छापू नये. मुले ओळखू येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अहिल्यानगर